सुलक्षणाची पाणंद

पालीतून राजगडावर जाणारी माणसं चढायला लागण्याआधी सुलक्षणाच्या पडवीत डोकावायची, किती जण जेवायला ते सांगायची आणि मग वाटेला लागायची. ती उतरून येईपर्यंत दुपार कलायची. तोवर सुलक्षणाचं पिठलं व्हायचं, वांगी भाजून भरीत व्हायचं, ठेचा वाटून व्हायचा, भाकरीचं पीठ चाळून परातीत निघायचं. भाकरी मात्र माणूस ताटावर बसल्याखेरीज तव्यावर टाकायची नाही, हा तिचा नेम. त्यामुळं दुपारच्या आधी तिच्या हाताला घटकाभर उसंत मिळायची, आणि त्या उसंतीत ती मोबाईलवर खेळायची.

खेळ रस्त्यांचा होता. रिकाम्या माळावर घरं उगवायची, घरांतून गाड्या निघायच्या. कुणाला बाजार गाठायचा असायचा, कुणाला कारखाना. खेळणाऱ्यानं बोटानं रस्ते आखून द्यायचे. गाड्या धावत राहिल्या की गाव वाढायचं, तुंबल्या की रस्ता तांबडा व्हायचा, आणि तांबडा होत होत सगळं ठप्प झालं की खेळ संपायचा. मग पुन्हा रिकामा माळ.

तिचे सासरे गेनू म्हातारे आल्यागेल्याला सांगायचे की आमची सून भाकरी झकास करते, पण एरवी नुसती बोटानं काच घासत बसते. नवरा हनुमंत भातशेती बघायचा आणि शनिवार-रविवारी वाढायला हाताशी यायचा. त्याला बायकोच्या खेळाचं वावडं नव्हतं, पण चारचौघांत त्याचा विषय निघाला की तो मान खाली घालायचा. बाकी बायका दुपारच्याला मालिका बघायच्या, त्यांना कोणी नावं ठेवत नव्हतं. चाळिशीची बाई लहान पोरासारखी खेळते म्हटल्यावर मात्र हसायला सगळ्यांनाच यायचं.

सुलक्षणाला त्या खेळाची गोडी का लागली हे तिचं तिलाच ठाऊक होतं. तिचं माहेर मार्गासनीचं. बापाचं दुकान नेमकं रस्ता फुटतो तिथं होतं. एक रस्ता वेल्ह्याकडं, एक डोंगराच्या अंगाला. लहानपणी गल्ल्याशेजारी पोत्यावर बसून ती येणाऱ्या गाड्या निरखायची आणि गाडी कुणीकडं वळणार ते आधीच बापाला सांगायची. भाताचा ट्रॅक्टर, एस.टी., लग्नाचा टेम्पो. बहुतेक वेळा खरं निघायचं. पुढं लग्न झालं, पालीला आली, आणि पालीत गाड्याच नव्हत्या.

त्या आल्या नंतर. आधी मोटारसायकली, मग जीपा, मग पुण्याकडच्या मोठाल्या मोटारी आणि शेवटी अख्ख्या बस. पावसाळ्यात आणि थंडीत रविवार उजाडला की गावातल्या एकुलत्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नसे. मारुतीच्या देवळापाशी तर गाडीला गाडी भिडलेली. भोरचा रफीक सकाळी दुधाचा टेम्पो घेऊन यायचा. गावातलं दूध घेऊन तो वेळेत बाहेर पडला तर ठीक, नाहीतर देवळापाशी अडकायचा आणि उन्हं चढली की मागच्या कॅनमधलं दूध नासायचं. मग ते दूध डेअरीवाले परत पाठवायचे आणि गावातली माणसं रफीकवर डाफरायची. रफीक बापडा शांत माणूस. म्हणायचा, "माझ्या टेम्पोला पंख लावून द्या, मग बघा."

अशातच दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी गेनू म्हातारे खाचराच्या बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हनुमंतानं शेजारच्याची जीप काढली, म्हाताऱ्याला आत आडवं केलं, आणि जीप पन्नास पावलंही गेली नाही. पुढं गाड्या, मागं गाड्या. हॉर्न वाजवून वाजवून हनुमंताचा हात दुखला. कुणी मुद्दाम अडवत नव्हतं, पण सरकायला कुणालाच जागा नव्हती. शेवटी घरातली बाज आणली, म्हाताऱ्याला बाजेवर निजवलं आणि चौघांनी खांदे दिले. सुलक्षणा डोक्यावर छत्री धरून बाजेबरोबर चालत होती. दोन्ही बाजूंनी बंद काचांच्या मोटारी, आत बसलेली माणसं बघतायत. म्हाताऱ्याच्या तोंडून आवाज निघत नव्हता, पण प्रत्येक खाचखळग्याला त्यांची मूठ बाजेच्या कडेवर आवळली जायची. ती मूठ सुलक्षणाच्या डोळ्यांपुढून पुढं कितीतरी दिवस हलली नाही. गावाबाहेर शेवटच्या गाडीपाशी पोचल्यावर तिथल्या एका भल्या माणसानं आपली मोटार उलटी वळवली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. हाड जुळलं, म्हातारे काठी टेकत का होईना चालायला लागले. पण गाव त्या दिवसापासून खवळलं.

सरपंच मंगलताईंनी शाळेत ग्रामसभा बोलावली. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, रस्ता रुंद करा. रुंद करायचा तर देवळाचा पार जाणार होता, आणि रस्त्याकडेच्या सगळ्या पडव्या. सुलक्षणाची पडवीही त्यात होती, म्हणून ती जेव्हा उठून म्हणाली की रुंद करून काही होणार नाही, तेव्हा माणसं एकमेकांकडं बघून हसली. पडवी वाचवायला बोलते, असंच सगळ्यांना वाटलं.

"तुमास्नी कसं ठाऊक?" कोणीतरी विचारलं.

"म्या करून बघितलंय," सुलक्षणा म्हणाली. "मोबाईलमदी."

त्यावर सभेत जो हशा पिकला तो शाळेच्या पत्र्यावरून घुमला. हनुमंत खाली बघत उठला आणि बाहेर निघून गेला. मंगलताई मात्र हसल्या नाहीत. करून बघितलंय म्हणजे काय, एवढंच त्यांनी विचारलं. सुलक्षणानं पदर सावरला आणि जमेल तसं सांगितलं. रस्ता रुंद केला की गाड्या जास्त येतात आणि त्याच जागी तुंबतात, हे तिनं खेळात असंख्य वेळा भोगलं होतं. गर्दी देवळापाशी दिसते, पण खोड देवळापाशी नाही. गाड्या पार वर, वाट सुरू होते तिथपर्यंत जातात, तिथं जागा मिळत नाही म्हणून वळून माघारी येतात, आणि या माघारी येणाऱ्या गाड्या वर जाणाऱ्यांच्या तोंडावर येतात. त्यांची गाठच पडू द्यायची नाही. आत यायची वाट वेगळी, बाहेर जायची वेगळी.

"दुसरी वाट आणायची कुठनं?" मंगलताई म्हणाल्या.

"जुनी पाणंद हाय की."

गावामागून शेतांच्या कडेनं जाणारी, बैलगाड्यांच्या काळातली पाणंद सगळ्यांना ठाऊक होती. ती घाणेरीच्या झुडपांत बुडाली होती, आणि मधोमध गावातल्या बड्या मानसिंगतात्यांचा गोठा होता. गोठा पाणंदीच्या जागेत आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांपुढं ते बोलून दाखवायची पद्धत नव्हती, इतकंच. तात्या जागेवरून उठले, टोपी नीट केली आणि सभेतून चालते झाले.

त्या रात्री हनुमंत बायकोशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं की सगळ्या गावात तुलाच का अक्कल पाजळायची होती. आतल्या खोलीतून गेनू म्हातारे बोलले, "बाजेवर म्या होतो, तू न्हवं. तिला बोलू दे."

सासऱ्यांचा हा शब्द सुलक्षणाला पुरला. पुढचे कितीतरी दिवस तिनं त्या खेळात पाली वसवायचा प्रयत्न केला. डोंगर हुबेहूब जमेना, देऊळ तर खेळात नव्हतंच, म्हणून देवळाच्या जागी तिनं दवाखाना ठेवला. पण रस्त्याची वळणं, वरचा चिंचोळा शेवट, हे सगळं तिनं चालत जाऊन बघितलं आणि बोटानं आखलं. गाड्या सोडल्या, आणि रस्ता बरोब्बर दवाखान्यापाशी तांबडा झाला. तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. गावातलं दुखणं तिच्या तळहाताएवढ्या काचेवर जसंच्या तसं उतरलं होतं. मग तिनं पाणंद आखली, एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. तांबडं विरलं.

मंगलताईंनी ते पडवीत बसून बघितलं. त्या जबाबदार बाई, खेळावर गाव सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी तालुक्याच्या इंजिनियरसाहेबांना बोलावून पाणंद दाखवली. साहेब झुडपांतून वाट काढत पार शेवटापर्यंत गेले, पाणंदीतल्या ओढ्यावरच्या दगडी मोरीखाली उतरून दगड तपासले आणि म्हणाले की कल्पना चांगली आहे, मोरीची डागडुजी केली तर ती भार सोसेल. अडसर उरला तो गोठ्याचा.

तात्यांकडं जायला कोणी धजेना. अधिकार दाखवून गोठा हलवता आला असता, पण त्यानं गावात वैर झालं असतं आणि मंगलताईंना ते नको होतं. शेवटी तात्या स्वतःच एका दुपारी सुलक्षणाच्या पडवीत आले. भांडायलाच आले होते. माझ्या गोठ्यावरच तुझं बोट का पडलं, गावाला दुसरी वाट सुचत नाही का, असं पुष्कळ बोलले. सुलक्षणानं ऐकून घेतलं, त्यांना पाणी दिलं, चहा ठेवला. मग मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"तात्या, तुमीच काढा वाट. गोठा जिथं हाय तिथंच ऱ्हाऊ द्या. आमाला तरी कुठं हौस हाय?"

तात्यांनी आधी मोबाईल परत सरकवला. पण गाड्या हलत होत्या, आणि हलणाऱ्या गोष्टीवरून माणसाची नजर सहज उठत नाही. त्यांनी एक रस्ता आखला, ओढ्याच्या अंगानं. गाड्या तुंबल्या. वरच्या बाजूनं आखला. तुंबल्या. "हितं पूल घालता येतो का?" त्यांनी विचारलं. घालता येत होता, घातला, तरीही तुंबल्या. चहा गार झाला. सुलक्षणा गडावरून उतरलेल्या मुलांना वाढत होती आणि मधूनमधून त्यांच्याकडं बघत होती. तात्यांची टोपी मागं सरकली होती, जिभेचं टोक ओठांत आलं होतं. कुणाला सांगून खरं वाटलं नसतं असं त्यांचं ध्यान दिसत होतं. दोनदा ते तिलाच ओरडले की तुझा मोबाईल नीट चालत नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा त्यांनी स्वतःच्या गोठ्यावरून वाट आखली. बराच वेळ ते काचेकडं बघत राहिले.

"गोठा सरकवावा लागंल," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मोबाईल बाकावर ठेवून, काठी घेऊन ते घरी गेले.

सुलक्षणा परातीशी उभी होती. तिला हसू आलं नाही, तात्यांना हरवलं असंही वाटलं नाही. उलट तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण कितीही बोलून जे पटलं नसतं ते त्यांनी स्वतःच्या बोटानं करून बघितलं होतं, आणि पटल्यावर एका शब्दानं मान्य केलं होतं. एवढा मोठेपणा आपल्याला दाखवता येईल का, असं तिच्या मनात आलं. तिला तेव्हा माहीत नव्हतं की तशी वेळ लवकरच येणार आहे.

गावानं श्रमदान केलं. घाणेरी तोडली, मुरूम टाकला, तात्यांचा गोठा त्यांच्याच शेतात उचलून नेला आणि शेजारचं पडीक रान गाड्या लावायला तात्यांनी आपणहून दिलं. रफीक रिकामा टेम्पो घेऊन आला आणि पाणंदीतून एक फेरी मारून बघतो म्हणाला. मोरीपाशी टेम्पोचं तोंड वळेना. मोबाईलमधली गाडी कुठंही वळते, खरीला चाकं असतात, असं तो हसत म्हणाला, आणि मग स्वतः फावडं घेऊन वळण गोल करायला लागला. हनुमंतही तिथंच मुरूम पसरत होता. बायकोचा विषय निघाल्यावर तो त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून बोलला.

वाट सुरू झाली तो रविवार मात्र फसला. पार फसला. गाड्या आत आल्या, तात्यांच्या रानात लागल्या, पाणंदीनं बाहेरही पडू लागल्या. पण सकाळ सरता सरता गावाच्या तोंडाशी पुन्हा रांग लागली, ती पार फाट्याकडं वाढत गेली. रफीकचा टेम्पो त्या दिवशी गावात पोचलाच नाही. चावडीपाशी बसलेल्यांपैकी एकानं सुलक्षणाला ऐकू जाईल असं म्हटलं, "गेम संपला वाटतं."

सुलक्षणाला ते झोंबलं. पण खेळानं तिला एक सवय लावली होती, ठप्प झालं की रडत न बसता गाठ शोधायची. तिनं चुलीवरचं काम हनुमंतावर सोपवलं आणि गावाच्या तोंडापासून चालत निघाली, एकेक गाडी बघत. पहिली गाडी थांबली होती ती तिच्याच दारात. ड्रायव्हर उतरून पडवीत गेला होता, जेवण सांगायला. त्याच्या मागं दुसरी, तीही जेवण सांगायला. त्यांच्यामागं सगळं गाव अडलं होतं. खेळातल्या माणसांना भूक लागत नाही. इथल्यांना लागते, आणि तिच्या भाकरीची ख्याती अशी की गाडी तिथं थांबणारच.

रस्त्यात उभी राहून ती स्वतःच्या पडवीकडं बघत राहिली. सासऱ्यांनी बांधलेली, तिनं शेणानं सारवलेली, निळ्या रंगानं रंगवलेली पडवी. रुंदीकरणात जाणार म्हणून जिच्यासाठी ती बोलते असं गावाला वाटलं होतं, तीच.

घरी येऊन तिनं हनुमंताला सांगितलं की चूल तात्यांच्या रानाकडेला हलवायची. हनुमंत गोंधळला. पुढच्या पावसापर्यंत थांबू, पाट्या लावून बघू, असं त्यानं सुचवलं. गेनू म्हाताऱ्यांना पडवी सोडणं जड जाईल याची तिलाही धास्ती होती.

"मामंजी, तात्यांनी गोठा हलवला," ती म्हणाली. "मंग माजी चूल का न्हाई?"

म्हाताऱ्यांनी काठी मागितली. तिच्यासोबत ते हळूहळू रानापर्यंत चालत गेले, जमीन काठीनं ठोकून बघितली, वारा कुणीकडून येतो ते बघितलं आणि चुलीचं तोंड कुठल्या दिशेला हवं ते सांगितलं. एवढ्यावर प्रश्न मिटला.

पुढच्या रविवारी गाड्या गावाच्या तोंडाशी थांबल्याच नाहीत. सरळ आत आल्या, रानात लागल्या, माणसं उतरून सुलक्षणाच्या नव्या छपराखाली जेवण सांगून पायी गडाकडं निघाली. दुपारनंतर पाणंदीनं बाहेर पडली. मारुतीच्या पारावर त्या दिवशी म्हातारी माणसं कित्येक वर्षांनी रविवारची बसली होती. रफीक आला, दूध भरलं आणि गेला. जाताना त्यानं टेम्पो हळू केला आणि सुलक्षणाच्या छपराकडं बघून सलाम केला. आणखी काही दिवसांनी दिवस भरलेली एक सून रविवारी भर गर्दीच्या वेळी जीपमधून निघाली आणि कुठंही न अडकता दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. बारशाचं पहिलं बोलावणं सुलक्षणाला आलं.

रस्ता अजूनही कधीकधी अडतो. पावसात पाणंदीला खड्डे पडतात, एखादा शहाणा उलट्या दिशेनं घुसतो, मोठी बस आली की मोरीपाशी कोणीतरी उभं राहावं लागतं. सुलक्षणाचं बारीक लक्ष असतं. काही बदलायचं झालं तर आता गाव तिच्याकडं येतं आणि तीही आधी मोबाईल काढते. आसपासच्या गावांतलीही माणसं येतात. पासलीच्या धोंडाबाई त्यांच्या वाडीतल्या नळाच्या पाण्याचं विचारायला आल्या, तेव्हा पाण्यातलं मला काही कळत नाही असं तिनं सरळ सांगितलं, पण त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला शाळेतला झेंडा तिच्या हातून लावायचा असं मंगलताईंनी ठरवलं. हनुमंतानं आदल्या दिवशीच आपला पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. सकाळी तो सगळ्यांच्या पुढं उभा होता, मान ताठ, आणि शेजारी कोण कोण आहे ते मुद्दाम बघत होता. मानसिंगतात्याही आले होते. गेनू म्हाताऱ्यांसाठी खुर्ची मांडली होती, पण झेंड्याच्या वेळी ते काठीवर भार देऊन उभेच राहिले.

दोन शब्द बोला म्हटल्यावर सुलक्षणा जराशी घुटमळली. समोर तेच गाव होतं, शाळेचा पत्राही तोच, ज्याच्यावरून तिच्यावरचा हशा घुमला होता.

"मोबाईलमदी म्या लई गावं बंद पाडली," ती म्हणाली. "म्हणून हितं एकच रविवार वाया गेला."

टाळ्या वाजायला लागल्या त्या थांबेनात. सुट्टीचा दिवस होता, फाट्याकडून गाड्यांचे आवाज येऊ लागले होते. सुलक्षणानं सगळ्यांना नमस्कार केला, पदर खोचला आणि चुलीकडं निघाली. गेनू म्हातारे शेजारच्या माणसाला कोपरानं डिवचून सांगत होते की ती बघा, आमची सून.